खुब्याची जवारी

गाणे शिकवणाऱ्या माणसाचा दिवस जमिनीवर जातो. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या घरी, महाराज बाड्यापासून चालत दहा मिनिटांच्या अंतरावर, माडीवरच्या खोलीत सतरंजी अंथरलेली असते, भिंतीशी दोन तानपुरे उभे असतात आणि सकाळी साडेसहापासून मी मांडी घालून बसलेली असते. विद्यार्थी येतात, जातात. मी उठते, पुन्हा बसते. वीस वर्षे हे करताना मांडी घालणे ही वेगळी कृती आहे असे मला कधी जाणवलेच नव्हते. तीन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात एका सकाळी तानपुरा जवळ ओढण्यासाठी मी उजवीकडे वाकले आणि उजव्या जांघेत, अगदी खोल, काहीतरी चिमटल्यासारखे झाले. क्षणभराचीच कळ होती, पण ती इतकी नेमकी होती की हात तानपुऱ्यावरच थांबला. त्यानंतर ती कळ येत राहिली. पायमोजा चढवताना, रिक्षातून उतरताना, खालच्या फडताळातून डबा काढताना आणि सर्वांत जास्त अर्धा तास मांडी घालून बसल्यावर उठताना ती यायची. उठल्यावर पहिली चार पावले मी भिंतीला धरून टाकू लागले होते.

पहिले दीड वर्ष वाया गेले, आणि त्याला बऱ्याच अंशी एक शब्द कारणीभूत होता असे मला आज वाटते. आपल्या बोलण्यात त्या भागाला सरसकट ‘कंबर’ म्हणतात. पाठीचा खालचा भाग कंबर, बाजूचे हाड कंबर, बसण्याचा भाग दुखला तरीही कंबरच. खुबा हा चांगला, नेमका मराठी शब्द आहे, पण तो आपल्याला आठवतो तो आजी पडल्यावर, ‘खुब्याचे हाड मोडले’ असे सांगताना. चाळिशीच्या आतल्या बाईचा खुबा दुखू शकतो ही कल्पनाच नसते. शिवाय खुब्याच्या सांध्याचे दुखणे बाजूला नव्हे, तर पुढे जांघेत जाणवते, आणि जांघ हा शब्द दवाखान्यात, समोर अनोळखी डॉक्टर आणि मागे रांगेतली माणसे असताना, आमच्याकडच्या बायका सहजासहजी उच्चारत नाहीत. मीही उच्चारला नाही. ‘कमर में दर्द है’ एवढेच सांगितले आणि हात बाजूला ठेवला.

मग कमरेचे उपचार झाले. मणक्याचा एमआरआय झाला, त्यात चाळिशीच्या जवळपास कोणाच्याही मणक्यात सापडावी इतपत एका गादीची झीज दिसली आणि सगळा दोष तिच्यावर गेला. पट्टा आला, गोळ्या आल्या, शेक आला. ओटीपोटाचीही सोनोग्राफी झाली. ती स्वच्छ निघाली. एका दवाखान्यात मला सांगण्यात आले की वजन कमी करा आणि मन गुंतवून ठेवा, या वयात बायकांना असे होते. त्या वाक्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. मला पलंगावर झोपवून, गुडघा छातीकडे नेऊन पाय आत वळवून पाहिला असता तर दोन मिनिटांत उलगडा झाला असता, आणि ते त्या दीड वर्षात कोणीही केले नाही.

तानसेन समारोहाची पहिली सकाळ आमच्या घरी कधी चुकत नाही. शहरातल्या हजिरा भागात, सूफी संत मोहम्मद गौस यांच्या मकबऱ्याशेजारी तानसेनाची समाधी आहे. तिथे सकाळी शहनाई होते, ढोलीबुवांची हरिकथा होते, मिलाद होतो. मी लहानपणापासून ती हरिकथा आईच्या शेजारी खाली बसून ऐकत आले आहे. त्या डिसेंबरात मी ती मागे एका झाडाला टेकून उभ्याने ऐकली. माझ्याकडे शाळेच्या वयात गाणे शिकलेली आणि पुढे फिजिओथेरपिस्ट झालेली एक मुलगी तिथे भेटली. बोलता बोलता तिने विचारले, ‘ताई, तुम्ही हात असा का धरला आहे?’ मी पाहिले तर माझा उजवा हात खुब्याच्या बाजूवर होता, अंगठा मागे आणि चार बोटे पुढे जांघेकडे वळलेली, इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखी. खुब्याच्या आतल्या दुखण्याचे रोगी नकळत असाच हात ठेवतात आणि डॉक्टर त्याला ‘सी’ची खूण म्हणतात, हे तिने मला त्या झाडाखाली सांगितले. दुखणे नेमके कुठे आहे हे माझ्या हाताने कधीपासून सांगायला सुरुवात केली होती.

खुबा हा उखळीचा सांधा, हे आपण शाळेत शिकतो. मांडीच्या हाडाचे गोल डोके कटीच्या हाडातल्या खोलगट वाटीत बसते आणि फिरते. वाटीच्या काठाला कूर्चेची एक मऊ, चिवट कड असते, तिला लेब्रम म्हणतात. रबरी वॉशरसारखी ती डोक्याभोवती घट्ट बसते आणि आतले वंगण आत राखते. डोके जिथे त्याच्या खालच्या अरुंद भागाला, म्हणजे हाडाच्या मानेला, मिळते तिथे हाडाला एक कंबर हवी, सुरईच्या गळ्यासारखी. काहींच्या हाडाला तिथे ती कंबर नसतेच, उलट थोडा फुगवटा असतो, आणि पाय पोटाकडे दुमडला की तो फुगवटा वाटीच्या काठावर आदळतो. याला कॅम म्हणतात. काहींच्या बाबतीत वाटीचाच काठ जास्त पुढे आलेला असतो, त्याला पिन्सर. पुष्कळदा दोन्ही थोडे थोडे असते. या आदळण्याच्या दुखण्याला डॉक्टर इम्पिंजमेंट म्हणतात. आदळून आदळून ती मऊ कड फाटते किंवा हाडापासून सुटते, आणि तिच्या लगतची वाटीतली गुळगुळीत कूर्चाही सोलली जाऊ लागते. माझ्या उजव्या खुब्यात कॅम होता आणि पुढच्या बाजूची कड सुटलेली होती.

हा फुगवटा कोठून आला, असे मी पुढे माझ्या सर्जनांना विचारले. वाढीच्या वयात, हाडाची वाढ चालू असताना, जोरकस खेळ खेळणाऱ्या मुलांमध्ये तो जास्त आढळतो. फुटबॉल, बास्केटबॉल आणि बर्फावरच्या हॉकीच्या खेळाडूंमध्ये विशेष. मी शाळेत सहा वर्षे हॉकी खेळले आहे. आमच्या गावाचे ते जुने वेड. हॉकीपटू कॅप्टन रूपसिंह इथलेच होऊन राहिले, त्यांच्या नावाच्या मैदानावर पुढे क्रिकेट खेळले गेले याची हळहळ वडील शेवटपर्यंत बोलून दाखवत. पण माझा फुगवटा हॉकीमुळेच आला असे डॉक्टर म्हणाले नाहीत, आणि मीही म्हणत नाही.

ज्यांना मी दाखवले ते दिल्लीचे सर्जन. त्यांनी पहिल्याच भेटीत दोन गोष्टी केल्या. एक, ‘एक उँगली से बताइए, दर्द कहाँ है’ असे म्हटले, आणि मला जांघेवर बोट ठेवावेच लागले. दुसरी, मला उताणे झोपवून उजवा घोटा डाव्या गुडघ्यावर ठेवला, मांडी घालताना ठेवतो तसा, आणि उजवा गुडघा किती खाली जातो ते पाहिले. डावीकडे गुडघा जवळजवळ पलंगाला लागत होता. उजवीकडे तो चांगला वीतभर वर अडला. गेले दीड वर्ष माझी बैठक उजवीकडे का कलते, तानपुऱ्याचा भोपळा का सरकतो, हे त्या वीतभर अंतरात समोर दिसत होते. मग क्ष-किरण झाले, खुब्यात औषध सोडून केलेला एमआरआय झाला, आणि एकदा सांध्यात भुलीचे इंजेक्शन देऊन पाहिले. त्या इंजेक्शननंतर तीन-चार तास दुखणे पूर्ण थांबले. ते थांबणे हाच पुरावा होता की दुखणारी जागा सांध्याच्या आतच आहे.

एवढे झाल्यावर लगेच तारीख मिळेल अशी माझी समजूत होती. त्यांनी ती दिली नाही, आणि याबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे. त्यांचे म्हणणे असे की असा फुगवटा काहीही न दुखणाऱ्या पुष्कळ माणसांच्या क्ष-किरणांतही दिसतो. हाडाचा आकार हा रोग नव्हे. २०१६ मध्ये इंग्लंडातल्या वॉरिक इथे या विषयाच्या जाणकारांनी एकत्र बसून जे ठरवले तेही हेच आहे, की रोग्याची तक्रार, तपासणीत सापडणारी लक्षणे आणि चित्रातला आकार या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच त्याला इम्पिंजमेंट हे नाव द्यावे. आणि नाव दिले तरी चाकू हा पहिला मार्ग नाही. ब्रिटनमधल्या २३ रुग्णालयांत ३४८ रोग्यांवर झालेली एक चाचणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. अर्ध्यांना दुर्बिणीची शस्त्रक्रिया, अर्ध्यांना जाणत्या फिजिओथेरपिस्टकडून नीट आखलेला व्यायाम. वर्षाने दोन्ही गटांची स्थिती सुधारली होती. खुब्याच्या त्रासाविषयी रोग्यांनी स्वतः भरलेल्या प्रश्नावलीत (गुण जास्त म्हणजे स्थिती चांगली) शंभरपैकी सरासरी गुण शस्त्रक्रियेच्या गटात सुमारे ५९ आणि व्यायामाच्या गटात सुमारे ५०, आणि इतर फरकांचा हिशेब केल्यावर अंतर सातच्या आत आले. म्हणजे शस्त्रक्रिया सरस ठरली, ते अंतर रोग्याला जाणवण्याइतके होतेही, परंतु व्यायाम निरर्थक आहे असे त्यातून मुळीच निघत नाही.

म्हणून मी चार महिने व्यायाम केला, मन लावून केला. माझ्या त्याच विद्यार्थिनीने आठवड्यातून तीन दिवस घरी येऊन तो करून घेतला. नितंबांचे आणि पोटाचे स्नायू सुधारले, चाल सुधारली, जिना सोपा झाला. एखाद्या खुर्चीवर बसून काम करणाऱ्या माणसाने इथेच समाधान मानले असते आणि ते योग्यही झाले असते. माझे बसणे जमिनीवरचे होते आणि उजवा गुडघा वीतभरच वर राहिला. तेव्हा जाऊन तारीख ठरली.

शस्त्रक्रियेपूर्वी सर्जनांनी काय करणार ते समजावले तेव्हा मला घरातला मिरजेहून आणलेला तानपुरा आठवला. तानपुऱ्याच्या घोडीचा माथा सपाट नसतो. त्याला अगदी हलका बाक असतो, आणि तार त्या बाकावर घासून कंप पावते म्हणून तो गुंजणारा आवाज येतो. तारेच्या घासण्याने घोडीवर कालांतराने चरे पडतात, आवाज मिटतो, मग कारागीर कानस घेऊन जवारी काढतो. तो दोन-चार हात कानस फिरवतो, तार छेडतो, कान लावतो, पुन्हा जरासे घासतो. कमी घासले तर तार अडतेच, जास्त घासले तर घोडी फुकट जाते. खुब्याचेही तसेच आहे असे मी म्हणाले तेव्हा सर्जन क्षणभर थांबले आणि मग म्हणाले की दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया करावी लागण्याचे सर्वांत मोठे कारण पहिल्या वेळी फुगवटा अपुरा काढला जाणे हेच असते, आणि गरजेपेक्षा जास्त काढला तर मानेचे हाड दुबळे होऊन मोडण्याचा धोका असतो. तेही थोडे घासतात, पाय दुमडून पाहतात, कुठे अडते ते दुर्बिणीतून बघतात आणि पुन्हा घासतात.

गुडघ्याच्या दुर्बिणीची आता कोणाला नवलाई राहिली नाही. आमच्या ओळखीतच चार जणांची झाली आहे. खुब्याची मात्र फार मागे राहिली आणि त्याचे कारण त्या सांध्याच्या बांधणीतच आहे. टोकियोच्या केंजी ताकागी यांनी १९१८ मध्ये मूत्राशय पाहण्याची दुर्बीण एका मृतदेहाच्या गुडघ्यात घालून पाहिली, तिथून सांध्याच्या दुर्बिणीची गोष्ट सुरू होते. १९३१ मध्ये न्यूयॉर्कच्या मायकल बर्मन यांनी मृतदेहांचे अनेक सांधे असेच तपासले आणि खुब्यापाशी येऊन लिहिले की डोके आणि वाटी यांच्यामध्ये सुईसुद्धा जाणे शक्य नाही. ताकागींनीच १९३९ मध्ये जिवंत रोग्याच्या खुब्यात दुर्बीण घातल्याची नोंद केली, पण पुढची कित्येक दशके हे काम जवळपास तिथेच थांबले. पाय योग्य रीतीने ताणून सांधा उघडायची पद्धत बसल्यावर, म्हणजे साधारण १९८० च्या दशकात, त्याला वेग आला. आणि आत जाऊन नेमके काय करायचे, हे नीट समजले ते स्वित्झर्लंडमधल्या बर्न इथल्या राइनहोल्ड गांझ यांच्या कामातून. ते मोठा छेद घेऊन, रक्तपुरवठा सांभाळत, खुबा वाटीतून बाहेर काढून शस्त्रक्रिया करत. असे शेकडो खुबे डोळ्यांनी पाहिल्यावर २००३ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडले की तरुण वयात खुबा झिजण्याचे एक कारण ही आदळआपट असू शकते. मोठ्या जखमांतून जे कळले त्याच्या आधारावरच आजची ही लहान छिद्रे उभी आहेत.

जुलैत आम्ही शताब्दीने दिल्लीला गेलो. एरवी साडेतीन तासांचा तो प्रवास सुखाचा, पण पाय दुमडून बसवेना म्हणून मथुरेपासून पुढे मी दाराजवळच्या मोकळ्या जागेत उभीच होते, आणि यजमान काही न बोलता माझी पर्स धरून शेजारी उभे होते.

शस्त्रक्रिया मी अर्थातच पाहिली नाही. दुसऱ्या दिवशी सर्जनांनी मला छायाचित्रे आणि क्ष-किरणांचे तुकडे दाखवले. पूर्ण भूल दिल्यावर रोग्याचे पाय जाड अस्तराच्या बुटांत बांधतात, दोन्ही मांड्यांच्या मध्ये जाड गादीचा खांब ठेवतात आणि हळूहळू पाय ओढतात. सांधा जेमतेम एक सेंटिमीटर उघडतो. एवढीशी फट मिळवण्यासाठी इतका जोर लागतो, कारण ती कड आणि आतले पाणी मिळून सांधा निर्वात चिकटलेला असतो. सुई आत गेली की हवा शिरते आणि पडद्यावर डोके आणि वाटी यांच्या मधोमध एक बारीक काळी चंद्रकोर उमटते. सुई शिरू शकणार नाही असे ज्या जागेविषयी लिहिले गेले होते त्याच जागेतली माझी ती चंद्रकोर मी कितीतरी वेळ पाहत होते. सुईतून तार, तारेवरून नळी आणि नळीतून चार मिलिमीटर जाडीची दुर्बीण. तिची नजर सरळ नसते, सत्तर अंशांनी वळलेली असते, कारण त्या खोल वाटीत सरळ पाहून काही दिसत नाही. दुसऱ्या छिद्रातून हत्यारे जातात आणि खारट पाणी सतत फिरत राहून जागा स्वच्छ ठेवते. सुटलेली कड तीन बारीक खिळ्यांनी आणि दोऱ्यांनी वाटीच्या काठाला पुन्हा बांधली. मग ओढ सोडली, पाय दुमडला आणि फिरत्या कानशीने फुगवटा उतरवला. ओढ दोन तासांच्या आत सोडायचीच असते, नाहीतर मज्जातंतूंना इजा होते. त्यामुळे ही सगळी मंडळी घड्याळाकडे पाहत काम करतात. बाहेर पडताना सांध्याचे आवरणही शिवले. माझ्या मांडीवर बाहेरून तीन छिद्रे होती, प्रत्येक सेंटिमीटरभराचे, वर छोटी पांढरी पट्टी.

या लेखात मला खरोखर सांगायचे आहे ते त्या तीन पट्ट्यांविषयी. त्यांच्याकडे पाहून कोणालाच आत काय झाले याची कल्पना येत नाही. तिसऱ्या दिवशी घरी परतले तेव्हा भेटायला आलेल्यांपैकी प्रत्येकाने आधी जखम पाहायला मागितली आणि ती पाहून प्रत्येकाच्या चेहऱ्यावर सुटकेचा भाव आला. आत्या म्हणाल्या, ‘अगं, दुर्बिणीचंच तर झालं, हे काय एवढंसं! गौरींपर्यंत तू उभी राहशील बघ.’ त्यांचे प्रेम खरे होते आणि अंदाज चुकीचा होता. आत हाड घासले गेले होते, कड दोऱ्यांनी धरून ठेवली होती, आवरणाला टाके होते, आणि त्या सगळ्याला भरून यायला जितके आठवडे लागतात तितके लागतातच. छिद्र लहान असण्याचे फायदे खरे आहेत: स्नायू कापावे लागत नाहीत, रक्त कमी जाते, दुसऱ्या दिवशी घरी सोडतात. पण हाड आणि कूर्चा भरून येण्याचा वेग त्याने वाढत नाही. हे मला कोणीतरी आधी ठासून सांगायला हवे होते, आणि माझ्या घरच्यांना तर माझ्याहूनही आधी.

पहिले तीन आठवडे दोन कुबड्या आणि उजव्या पायावर फक्त दहा किलो भार, असा आदेश होता. दहा किलो म्हणजे किती हे पायाला कसे कळणार? माझ्या विद्यार्थिनीने न्हाणीघरातला वजनकाटा आणला, शेजारी तितक्याच उंचीची जुनी मासिकांची चळत ठेवली, डावा पाय त्यावर आणि उजवा काट्यावर. मी उजवा पाय टेकवी आणि काटा चटकन पंचवीसवर जाई. पुन्हा उचलायचा, पुन्हा टेकवायचा. खर्जाचा सा लावताना गळ्यावर जेवढा दाब द्यावा तेवढाच देण्याचा रियाज मी वीस वर्षे शिकवत आले. पायाला तो रियाज शिकायला मला चार दिवस लागले. डोळे मिटून काटा नऊ आणि अकराच्या मध्ये राहू लागला तेव्हा तिने जिन्यापर्यंत चालू दिले.

कमोडवर उंच बैठक बसवली. सोफा निषिद्ध, कारण त्यात बसले की गुडघे खुब्याच्या वर जातात. झोपताना गुडघ्यांमध्ये उशी. स्थिर सायकल पहिल्या आठवड्यापासून, पण पायडलला काहीही जोर नसताना, म्हणजे आवरण आत चिकटणार नाही. नको त्या जागी नवे हाड वाढू नये म्हणून काही आठवडे सुजेवरच्या गोळ्या. आणि उजव्या मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या अंगाला तळहाताएवढा एक बधिर तुकडा, जिथे साडीचा स्पर्श कळत नव्हता. पुढच्या छिद्राजवळून त्वचेचा एक मज्जातंतू जातो, त्याचे हे असते. तो तुकडा आता सुपारीएवढा उरला आहे.

गौरी सप्टेंबरात आल्या. मी हळदीकुंकू खुर्चीवर बसून केले. बायका खाली वाकून मला कुंकू लावत होत्या आणि माझ्याच घरात मला फार परके वाटले. त्या संध्याकाळी, सगळे गेल्यावर, ऑक्टोबरापूर्वी खाली बसायचे नाही ही सूचना मोडून मी सतरंजीवर बसण्याचा प्रयत्न केला. डावा पाय दुमडला, उजवा अर्ध्यावर आणला आणि जांघेत जुनी कळ उठली. तिथेच रडू कोसळले. सगळे फुकट गेले, दोरे तुटले, अशी खात्रीच झाली. दुसऱ्या दिवशी विद्यार्थिनीने तपासले. काही तुटले नव्हते, मांडीच्या पुढचा, पाय उचलणारा स्नायू चिडला होता, आणि तो आठ-दहा दिवसांच्या विश्रांतीने शांत झाला. पण तेवढे दिवस मी कोणाशी धड बोलले नाही, हे यजमानांना अजून आठवते.

शेजारच्या काकांनी माझे पाहून त्यांच्याही खुब्याचे ‘दुर्बिणीने’ करून घ्यायचे ठरवले होते. त्यांचे वय अडुसष्ट, सांध्याची कूर्चा झिजून फट जवळजवळ नाहीशी झालेली. अशा झिजलेल्या सांध्यात दुर्बीण घालून काही साधत नाही. मधली फट दोन मिलिमीटरच्या खाली गेली की पुष्कळ सर्जन ती टाळतात, आणि मग सांधा बदलणे हाच उपाय उरतो. काकांना हे सांगितले गेले तेव्हा त्यांना वाटले की आपल्याला जुनी, मोठ्या जखमेची शस्त्रक्रिया गळ्यात बांधताहेत. मला त्यांच्याकडे तीनदा जाऊन बसावे लागले. उलट दिशेनेही फसगत होते: ज्यांची वाटीच जन्मतः उथळ असते त्यांना कड फाटण्याचे असेच दुखणे होते, पण नुसती कड शिवून त्यांचे भागत नाही, वाटीच्या हाडाची दिशा बदलावी लागते, आणि त्याला मोठी शस्त्रक्रियाच लागते. सांध्यात सुटलेले कूर्चेचे खडे काढायला किंवा पू झालेला सांधा धुवायला मात्र दुर्बीण फार सोयीची. छिद्र लहान म्हणून निवडायची ही गोष्ट नाही, आणि खुब्याच्या दुखण्याने त्रस्त कोणीही मला विचारले तर मी आधी एवढेच विचारते की तुम्हाला उताणे झोपवून पाय दुमडून, आत वळवून कोणी पाहिले का. काकांनी शेवटी दिवाळीनंतर सांधा बदलून घेतला आणि संक्रांतीला ते तिळगूळ द्यायला आमचा जिना चढून वर आले.

डिसेंबरात, पाचव्या महिन्यात, मी हरिकथेला खुर्ची घेऊन बसले. फेब्रुवारीत पहिल्यांदा दहा मिनिटे खाली. ती विद्यार्थिनी तेव्हा समोर बसून माझ्या पायांकडे पाहत होती आणि मी तिच्याकडे न पाहता भैरवाचे आलाप घेत होते. मार्चमध्ये वीस मिनिटे. मध्येच दोन आठवडे पुन्हा मागे गेले, कारण एका लग्नात मी तीन तास जमिनीवर बसले.

आता अकरावा महिना चालू आहे. पहाटे साडेपाचला, मुले यायच्या आधी, मी सतरंजीवर बसते आणि उजव्या गुडघ्याखाली हाताची बोटे सारून अंतर मोजते. डावा गुडघा जमिनीला लागतो. उजवा, जो वीतभर वर अडत होता, तो आता चार बोटांवर थांबतो, आणि सर्जनांच्या मते तो बहुधा तिथेच थांबणार आहे. त्या चार बोटांच्या जागेत मी आईच्या जुन्या सुती लुगड्याची घडी सारते, तानपुरा खांद्याला लावते आणि खर्जाची तार मिळवू लागते. चाळीस मिनिटे बसता येते. त्यानंतर मी उठते, खोलीत दोन फेऱ्या मारते आणि पुन्हा बसते.